मुका अवयव



आपल्या मराठीत शरीराचे बहुतेक अवयव बोलके आहेत. दुसऱ्याचं दुःख पाहिलं की आपलं काळीज तुटतं. लेकराला लागलं की आईचं आतडं पिळवटतं. राग आला की पित्त खवळतं, अभिमानानं ऊर भरून येतो आणि चुगलखोराच्या पोटात काही राहत नाही. मूत्रपिंडाला मात्र आपल्या भाषेनं एकही वाक्प्रचार दिलेला नाही. निदान मला तरी आठवत नाही. आम्ही कवींनीही त्याच्याकडे पाठच फिरवली. तो असतोही पाठीकडेच म्हणा.

आमच्या घरात दखनी बोलतात. तिथं या अवयवाला थोडा मान आहे. उर्दूत आणि दखनीत गुर्दा म्हणजे मूत्रपिंड, आणि गुर्दा म्हणजे हिंमतही. एखादं अवघड काम निघालं की अम्मी म्हणायची, "इसकू दिल-गुर्दा होना बाबा." लहानपणी मला वाटायचं, गुर्दा ही दंडातली एखादी गाठ असावी, पैलवानांना असते तशी. तो प्रत्येकाच्या कमरेवर दोन्ही बाजूंना असतो, मुठीएवढा असतो आणि मूत गाळण्याचं काम करतो, हे शाळेत कळलं तेव्हा माझी थोडी निराशाच झाली.

मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. विज्ञानाशी माझा संबंध दहावीपुरता. मूत्रपिंडविकारांवर बोलण्याचा अधिकार मला नाही. पण गेली काही वर्षं डायलिसिस केंद्राच्या बाहेरच्या बाकावर मी पुष्कळ वेळ बसलो आहे. त्या बाकावरून जे दिसलं आणि माझ्याविषयी जे कळलं, तेवढंच आज सांगणार आहे.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आम्ही माधवनगरचे. आमच्या गावात पेठांना वारांची नावं आहेत आणि पेठांमध्ये एके काळी दिवसरात्र मागांचा खडखडाट असे. अब्बा मागावर होते. आपा नऊ-दहा वर्षांची असल्यापासून कांड्या भरायला बसायची. पुढं लग्न गावातच झालं, तिथंही माग होतेच. उभं राहून राहून चाळिशीतच तिचे गुडघे गेले. मग मेडिकलमधून गोळी आणायची, एक सकाळी आणि फार ठणकलं तर एक रात्री. अशी आठ-दहा वर्षं गेली. रक्तदाब होता, त्याचीही गोळी होती. पण बरं वाटलं की ती बंद व्हायची. "दुखतंच नाही तर गोळी कशाला?" हा तिचा सवाल. त्यावर आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं, कारण आम्हा सगळ्यांचं वागणं तसंच होतं.

२०१८च्या सुरुवातीला तिचे पाय सुजायला लागले. सकाळी डोळ्यांखाली सूज. जेवण जाईना, चालताना दम लागायचा, चेहरा पांढराफटक. आम्ही म्हटलं, रक्त कमी झालंय. म्हणून तिला खजूर आणि बीट खायला घातलं. पुढं कळलं की तिच्या त्या अवस्थेत हे दोन्ही घातकच, कारण त्यांत पोटॅशियम भरपूर असतं. मायेनं माणूस काय काय करतो!

लघवी कमी होतेय म्हटल्यावर कुणीतरी मुतखड्याच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. त्यांनी तपासलं, हसले आणि म्हणाले, "मी प्लंबर आहे. तुम्हाला फिल्टरवाला पाहिजे." ही त्यांचीच उपमा. यूरॉलॉजिस्ट म्हणजे खडा, अडथळा, प्रोस्टेट अशा गोष्टींवर शस्त्रक्रिया करणारा. नेफ्रॉलॉजिस्ट म्हणजे गाळणीचाच विकार औषधांनी आणि डायलिसिसनं सांभाळणारा. आपल्या लोकांना हा फरक सहसा माहीत नसतो. त्यात आमचे तीन आठवडे गेले.

मग मिरज. आमच्या भागात मोठं दुखणं निघालं की मिरजेला जायचं, ही रीत १८९४ साली डॉ. वानलेस यांनी तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासूनची. ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा, तंबोऱ्याचे कारागीर आणि दवाखाने, ही मिरजेची तीन दुकानं कधी बंद पडत नाहीत. तिथल्या किडनीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. क्रिएटिनीन निरोगी माणसात एकच्या आसपास असतं. आपाचं जवळजवळ आठ होतं. त्यांनी मला बाहेर बोलावलं नाही. आपासमोरच सांगितलं, "बहेनजी, दोन्ही किडन्या आता परत यायच्या नाहीत." नुसत्या गोळ्यांवर खापर फोडता येणार नाही, असंही ते म्हणाले. जुना, न सांभाळलेला रक्तदाब हे मूळ, आणि वेदनाशामक गोळ्यांनी त्यात भर घातली.

माझ्या अज्ञानाची त्यांना दया आली असावी. चिठ्ठीच्या पाठीमागं त्यांनी चित्र काढलं. एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाचवा हिस्सा सतत इकडे येतो. दिवसभरात १८० लिटरच्या आसपास द्रव गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटरच बाहेर टाकला जातो. बाकी सगळा पुन्हा रक्तात. म्हणजे टाकण्यापेक्षा परत ठेवून घेण्याचंच काम जास्त. शिवाय रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं द्रव्य इथंच तयार होतं, हाडांसाठी लागणारं ड जीवनसत्त्व इथंच कामाला लागतं, रक्तदाबाची एक दोरीही इथंच असते. आपा पांढरी का पडली होती ते मला तेव्हा समजलं.

"मग इतके दिवस कळलं कसं नाही?" मी विचारलं. ते म्हणाले, "निम्म्याहून जास्त काम बंद पडेपर्यंत किडनी तक्रार करत नाही. दुखत नाही, हाच तिचा दोष."

असा हा मुका अवयव. आपल्या भाषेला त्याच्याबद्दल काही सुचलं नाही, त्यात भाषेचा तरी काय दोष?

डायलिसिस हा शब्द मात्र मी फार लहानपणी ऐकला होता. माझ्या वयाच्या अनेकांनी तो जयप्रकाश नारायण यांच्या नावाबरोबरच पहिल्यांदा ऐकला असेल. आणीबाणीत अटकेत असताना त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं, आणि तिथं डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली डायलिसिस सुरू झालं. यंत्रासाठी लोकांनी वर्गणी काढली. इंदिराजींनी पंतप्रधान निधीतून पाठवलेली रक्कम जयप्रकाशजींनी परत केली. अब्बांना ते फार आवडलं होतं. मागावरून आले की ते शेजाऱ्याचा पेपर मागून आणत आणि "जेपी का मशीन" काय म्हणतंय ते मोठ्यानं वाचत. अब्बांच्या लेखी मशीन म्हणजे माग. त्यामुळं माझ्या डोळ्यांसमोर जयप्रकाशजी खादीच्या टोपीत मागाला जोडून ठेवलेले यायचे.

मार्च १९७९ मधली एक गोष्ट जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. जयप्रकाशजी जसलोकमध्ये होते आणि इकडे लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा झाली. श्रद्धांजली वाहून सभागृह तहकूब झालं. आणि ते तर जिवंत होते! पुढं ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात ते गेले. तेव्हा या घटनेचा मला गमतीचा भाग वाटला होता. आपाचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा तिची खरी बाजू कळली. पहिल्याच आठवड्यात पै-पाहुणे यायला लागले. बायका आपाच्या समोर बसून तिच्याविषयी भूतकाळात बोलायच्या. "लई करायची हो सगळ्यांचं." आपा शांतपणे चहा करून आणायची आणि त्यांच्या पुढ्यात ठेवायची.

पहिल्या दिवशी यंत्रावरची ती पारदर्शक नळी पाहून मला अब्बांची आठवण आली. वीतभर लांबीच्या त्या नळीत दहा हजारांच्या वर पोकळ तंतू असतात, केसासारखे बारीक. तंतूंच्या आतून रक्त वाहतं, बाहेरून स्वच्छ द्रावण उलट्या दिशेनं वाहतं आणि तंतूंच्या भिंतीमधून घाण पलीकडे जाते. म्हणजे ताण्यासारखे ओढून बसवलेले धागेच ते. धोटा तेवढा नाही. आपानं आयुष्यभर ज्या सुताला हात लावला, त्याच्याच दूरच्या नात्यातल्या सुतावर ती आता जगते आहे.

या नळीचा पूर्वज मोठा ओबडधोबड होता. १९४३ साली, नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, काम्पेन नावाच्या लहान गावात विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरानं पहिलं चालणारं कृत्रिम मूत्रपिंड बनवलं. सॉसेज भरायला वापरतात तो सेलोफेनचा पातळ नळा त्यानं लाकडी पट्ट्यांच्या पिंपाला गुंडाळला. पिंप मिठाच्या पाण्यात अर्धं बुडवून फिरवत ठेवलं. रोग्याचं रक्त त्या नळ्यातून फिरायचं. पहिल्या पंधरा-सोळा रोग्यांपैकी यंत्रामुळं वाचला असं कुणाविषयीच म्हणता येईना. १९४५च्या सप्टेंबरमध्ये ६७ वर्षांची एक बाई मात्र शुद्धीवर आली आणि वाचली. ती नाझींना साथ दिल्याबद्दल कैदेत होती. आपल्या माणसांना छळणाऱ्यांची ती मैत्रीण. पण कोल्फनं ती बाई कोण, हे पाहिलं नाही.

पण कोण वाचायचं हे पाहणारेही पुढं निघाले. १९६० साली अमेरिकेतल्या सिॲटल शहरात डॉ. स्क्रिब्नर यांनी हाताच्या रक्तवाहिनीला कायमची नळी जोडण्याची युक्ती काढली. तोवर दर वेळी नवी शीर उघडावी लागे, त्यामुळं चार-सहा वेळांपलीकडे जाता येत नसे. आता माणूस वर्षानुवर्षं जगू शकेल असं झालं. पण यंत्रं मोजकी, रोगी कितीतरी. मग तिथं एक समिती नेमली गेली. सात माणसं. त्यांत एक वकील, एक धर्मोपदेशक, एक बँकवाला, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार नेता आणि एक सर्जन. नावं गुप्त. यांनी बसून ठरवायचं, यंत्र कुणाला द्यायचं. रोग्याचं लग्न झालंय का, मुलं किती, मिळकत काय, चर्चला जातो का, असल्या गोष्टी विचारात घेतल्या जात. १९६२ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकानं हे छापलं तेव्हा मोठा गदारोळ झाला.

हे वाचलं तेव्हा मीही चिडलो होतो. कुणाच्या जगण्याची किंमत ठरवणारे हे सात जण कोण? मग लक्षात आलं की अशी एक समिती आमच्या घरातही बसली होती. आणि मी तिचा सभासद होतो.

झालं असं. डायलिसिसचा जम बसल्यावर डॉक्टर म्हणाले, "प्रत्यारोपणाचा विचार करा. घरातलं कुणी आहे का?" १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणं आई-वडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको ही जवळची नाती धरली जातात. २०११च्या दुरुस्तीनं आजी-आजोबा आणि नातवंडंही आली. आमच्या घरात आम्ही सगळे खोलीत बसलो होतो. दुल्हेभाई, म्हणजे आपाचे यजमान, यांना हृदयाचा त्रास. ते सुटले. भाचा पुण्यात नोकरीला, नुकतंच लग्न झालेलं. त्याचं नाव कुणी काढलंच नाही. भाची कॉलेजात होती, ती मात्र लगेच म्हणाली, "मैं देती." आपा तिच्यावर खेकसली, "चुप बैठ." मग सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मीही पाहिलं. माझा आणि आपाचा रक्तगट एकच, बी पॉझिटिव्ह. हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

हेच दुखणं दुल्हेभाईंना झालं असतं तर? आठ दिवसांत आपा टेबलावर असती. कुणी तिला विचारलंही नसतं, आणि तिनं विचारायची वाट पाहिली नसती. डायलिसिस केंद्राबाहेरच्या बाकावर रोज हेच दिसतं. पुरुष रोगी असेल तर बरोबर बायको असते, आई असते, डबा असतो, शाल असते. बाई रोगी असेल तर ती पुष्कळदा एकटीच रिक्षानं येते आणि चार तासांनी हाताला बोळा दाबून एकटीच जाते. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष फार जास्त, हे जाणकार कितीतरी वर्षं सांगत आले आहेत. मी ते वाचलेलं होतं. वाचलेलं घरात घडतं तेव्हा ओळखू येत नाही.

माझा डाव वेगळाच होता. मी विचार केला, आपण धर्माला विचारू. शरीर ही अल्लाहची अमानत, त्यातला भाग काढून देण्याचा हक्क आपल्याला कुठं, असं म्हणणारे लोक मी ऐकले होते. मौलवीसाहेबांनी 'नाही' म्हटलं की माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मी मोठ्या भक्तिभावानं त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझं ऐकून घेतलं. म्हणाले, "याचा विचार मोठ्या आलिमांनी कधीच केलेला आहे. जेद्द्याच्या फिक्ह अकादमीनं १९८८ सालीच सांगितलंय. विकायचं नाही, देणाऱ्याच्या जिवाला धोका नको, आणि राजीखुशीनं द्यायचं. मग जायज आहे." आणि चष्म्यावरून पाहत म्हणाले, "आप राजी है ना?"

श्रोतेहो, इतक्या वर्षांत मला इतका अवघड प्रश्न कुणी विचारलेला नाही.

त्या रात्री मला बॉस्टनच्या दोन भावांची गोष्ट आठवली. जगातलं पहिलं यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये झालं. जुळे भाऊ होते. रिचर्ड हेरिक आजारी, रोनाल्ड धडधाकट. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रिचर्डनं रोनाल्डला चिठ्ठी पाठवली की तू इथून निघ, घरी जा. रोनाल्डनं उलट कळवलं की मी आलोय आणि राहणार आहे. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षं जगला, रुग्णालयातल्याच परिचारिकेशी त्यानं लग्न केलं. रोनाल्ड २०१० पर्यंत होता. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. जोसेफ मरे यांना १९९० साली नोबेल मिळालं. आपल्याकडे मुंबईच्या केईएममध्ये १९६५ सालीच एक प्रयत्न झाला होता. खरं यश १९७१ मध्ये वेल्लोरला आलं. हा सगळा इतिहास मी रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसलो. खरं सांगायचं तर वाचन हीसुद्धा एक पळवाटच होती. माझी पत्नी जागीच होती. ती म्हणाली, "द्यायची तर द्या. पण माझ्याकडे 'नको' म्हणायची जबाबदारी टाकू नका." तिनं मला बरोबर ओळखलं होतं.

मी तपासणीला गेलो. देणाऱ्याला काही होऊ नये म्हणून त्याची फार कसून तपासणी करतात, हे चांगलंच आहे. दुसऱ्याच दिवशी काम थांबलं. उपाशीपोटी साखर १४८ आणि लघवीत प्रथिनं, एक प्लस. मला मधुमेह होता आणि तो किती दिवसांचा होता हे कुणालाच सांगता येत नव्हतं. माझ्या मूत्रपिंडांची गाळणी झिरपायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला देता येणार नाही. उद्या घ्यायला येऊ नका म्हणजे झालं."

ते ऐकून मला पहिल्यांदा काय वाटलं, ते सांगायलाच हवं. मला सुटल्यासारखं वाटलं. दवाखान्याबाहेर येऊन मी चहा प्यायलो, तोही साखरेचा. आपल्याला मधुमेह झालाय ही भीती तासाभरानं आली. आणि लाज रात्री, आपाला फोनवर सांगताना. ती एकदम म्हणाली, "अच्छा हुआ बाबा, वेळेवर कळलं. आता गोळ्या बंद करू नकोस हं, माझ्यासारख्या." माझ्या राजी असण्या-नसण्याबद्दल तिनं एक शब्दही विचारला नाही. अजूनही विचारलेला नाही.

ज्या एक प्लसनं मी पकडला गेलो, ती तपासणी तशी फार जुनी. लंडनच्या डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये सूज आलेल्या रोग्यांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवून पाहिली. अंड्याच्या पांढऱ्यासारखी ती गोठली की समजायचं, प्रथिनं जातायत, मूत्रपिंड बिघडलंय. चमचा आणि मेणबत्ती, एवढंच भांडवल. मघाशी ज्या डॉ. मणींचा उल्लेख केला, ते पुढं चेन्नईला गेले. तिथं त्यांनी १९९० च्या दशकात एका न्यासातर्फे आसपासच्या खेड्यांत काम सुरू केलं. गावातल्याच मुलींना शिकवायचं, घरोघर लघवी तपासायची, रक्तदाब मोजायचा आणि ज्यांना मधुमेह-रक्तदाब सापडेल त्यांना अगदी स्वस्तातली जुनी औषधं नेमानं द्यायची. देशातल्या बड्या रोग्यांना यंत्रावर ठेवणारा डॉक्टर आयुष्याच्या उत्तरार्धात दारोदार परीक्षानळी पाठवत होता. यंत्रं सगळ्यांना पुरणार नाहीत, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. मला त्यांचं हे काम जसलोकमधल्या कामापेक्षा मोठं वाटतं.

यंत्रं आता वाढली आहेत, हे कबूल केलं पाहिजे. २०१६ मध्ये केंद्राची डायलिसिस योजना आली. आपलं तर केशरी रेशनकार्डावर, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं. ही योजना नसती तर मागावरच्या घराला आठवड्याला तीन डायलिसिस झेपली नसती. पण योजनेत रिक्षाचं भाडं बसत नाही, बुडालेला रोज बसत नाही. आणि तहान बसत नाही. आपाला दिवसाला सगळं मिळून लिटरभरही पाणी चालत नाही. भाजीतला रस, चहा, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच मोजायचं. एप्रिलच्या उन्हात ती बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसते. पहिल्या रमजानात तिनं रोजे धरायचा हट्ट केला, तेव्हा दुल्हेभाई म्हणाले, "अगं, तुझा बारा महिने रोजाच आहे." ती म्हणाली, "रोजाला इफ्तार असते."

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांवर गेलं. माधवनगर तसं उंचावर, पण सांगलीचा मोठा भाग बुडालेला. आपाचं डायलिसिस सांगलीत व्हायचं. ते केंद्र पाण्यात नव्हतं, पण तिथं पाणीच नव्हतं. एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागतं, हे मला त्या आठवड्यात समजलं. चहूकडे कृष्णाच कृष्णा आणि नळ कोरडे. मंगळवार गेला, गुरुवार गेला. गावात मदतीच्या पिशव्या आल्या, त्यात केळी होती. आपानं ती शेजारच्या पोरांना दिली. पोटॅशियम! शुक्रवारी रात्री तिला आडवं होता येईना. बसून बसून श्वास घेत होती, छातीत घरघर. पाण्याखाली आलेल्या शहराच्या शेजारी माझी बहीण आतल्या आत बुडत होती.

ओळखीतल्या एकाची जीप मिळाली. कुपवाडवरून, औद्योगिक वसाहतीतून मिरजेला निघालो. दोन ठिकाणी रस्ता सोडून शेतातून गेलो. तिथल्या केंद्रात त्या दिवसांत रात्रभर पाळ्या लावल्या होत्या. सांगलीचे, आसपासच्या खेड्यांतले रोगी, कुणी ट्रॅक्टरनं आलेले, कुणी होडीतून काढलेले. चार तासांऐवजी अडीच-अडीच तास देऊन सगळ्यांना थोडं थोडं वाटून घ्यायचं असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. कुणी कुणाची मिळकत विचारत नव्हतं. पहाटे दोनला आपाचा नंबर लागला. एक सिस्टर तीन दिवस घरी गेली नव्हती, तिचंही घर पाण्यात होतं. तिनं सुई लावली आणि आपाला म्हणाली, "मावशी, आता झोपा." अडीच तासांत अडीच लिटर पाणी निघालं, आणि आपा खरंच आडवी होऊन झोपली.

दोन दिवसांनी, सोमवारी, बकरी ईद होती. आमच्या मोहल्ल्यात अनेकांनी त्या वर्षी कुर्बानीचे पैसे पूरग्रस्तांना दिले. मीही दिले. देताना मनात काय होतं ते मी कुणाला बोललो नाही. कुर्बानीची एक जागा माझ्या हातून आधीच गेली होती.

भाचीचं आता लग्न झालंय. तिनं पुन्हा एकदा विचारलं होतं, आपानं पुन्हा नाही म्हटलं. मरणोत्तर अवयवदानाच्या यादीत तिचं नाव पुण्याच्या विभागीय केंद्रात नोंदवलं आहे. फोन कधी येईल सांगता येत नाही. मी साखरेची गोळी घेतो, सहा महिन्यांनी लघवी तपासतो, आणि भाच्यालाही मागं लागून तपासायला लावलं. त्याचा रक्तदाब तेहतिसाव्या वर्षीच वाढलेला निघाला. तो आता गोळी घेतो. बायकोनं आठवण केली की घेतो, असं त्याची बायको सांगते.

आपाच्या डाव्या मनगटावर शस्त्रक्रिया करून धमनी आणि शीर जोडलेली आहे. त्याला फिस्टुला म्हणतात. तिथं बोट ठेवलं की बारीक थरथर लागते. ती थरथर रोज तपासायची असते. थांबली तर लगेच डॉक्टरांकडे पळायचं. आपाच्या बोटांना सुतानं आणि वयानं आता नीट कळत नाही. म्हणून रोज रात्री जेवण झाल्यावर मी दोन गल्ल्या ओलांडून तिच्याकडे जातो. ती हात पुढं करते, मी बोट ठेवतो. शेजारच्या घरात माग चालू असला तर खालची फरशीही थरथरत असते, म्हणून तो थांबेपर्यंत आम्ही दोघं गप्प बसून राहतो.